पावतीवरची तारीख

न्यायाधीशांनी पावती खिडकीच्या काचेला टेकवून धरली आणि चष्मा कपाळावर सरकवला. जवळचं बारीक अक्षर त्यांना चष्म्याशिवायच नीट दिसे.

"साहेब, अजून सतरा पानं राहिलीत," टेबलापलीकडून शिरस्तेदार म्हणाले. "टपाल साडेचारला निघतं."

"थांबा जरा."

काम खरं तर नुसत्या सह्यांचं होतं. वरच्या न्यायालयानं एका निकाली दाव्याचे कागद मागवले होते, आणि पाठवण्याआधी पानापानावर सही करायची होती. निकाल देऊन आठ महिने झाले होते. दावा एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा. त्यांनी शिलाई मशीन दुरुस्तीला टाकलं होतं आणि दुकानदारानं ते परस्पर विकलं. पावतीवर छापलं होतं की तीस दिवसांत माल न नेल्यास दुकानाची जबाबदारी नाही. बाई पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला दुकानात गेल्या, हे दोघांनाही मान्य होतं. प्रश्न एवढाच होता की मशीन टाकलं कधी.

"एक तारखेला," दुकानदार तेव्हा ठणकावून म्हणाला होता.

"तारीख मला आठवत नाही साहेब," बाई म्हणाल्या होत्या, "पण महिना झाला नव्हता. पावतीवर आहेच की."

न्यायाधीशांनी पावती पाहिली होती. एकचा आकडा दिसला होता. त्या दिवशी बोर्डावर चौदा दावे होते.

आता मागून उजेड आल्यावर तारखेच्या आकड्याला पोटापाशी आणखी एक वळण दिसत होतं, फिकट, शाई संपत आलेल्या पेनाचं. खाली त्याच हातानं लिहिलेलं 'नग १' होतं. त्या एकाचं शेपूट सरळ खाली उतरलं होतं. वळणबिळण काही नव्हतं. आणि तारखेशेजारी, छापील 'वार' या शब्दापुढे, दुकानदारानं 'शनि' असं लिहिलं होतं.

न्यायाधीश उठले. दारामागे कोर्टाच्या सुट्ट्यांच्या जुन्या याद्या एकाच खिळ्याला अडकवलेल्या असत. त्यांनी गेल्या वर्षीची काढली आणि बोट फिरवलं. त्या महिन्याच्या एक तारखेला शुक्रवार होता. शनिवार होता नऊ तारखेला.

नऊपासून तीस दिवस म्हणजे पुढची आठ तारीख. बाई पाचला गेल्या होत्या. तीन दिवस हातात राखून.

"काय झालं साहेब?"

"हा नऊ आहे."

शिरस्तेदार टेबल ओलांडून आले, वाकून पाहिलं, आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले. तीस वर्षं कोर्टात काढलेला माणूस. कुठे गप्प राहायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"दुरुस्ती करता येईल?" न्यायाधीशांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"नावागावाची चूक असती तर. तीसुद्धा पंधरा दिवसांत. निष्कर्ष नाही फिरवता येत. सही झाली, विषय संपला."

"मग वरचे बघतील."

"बघतील," शिरस्तेदार म्हणाले, "अपील चाललं तर. आणि ते चालतं का नाही, हे साहेब, तुमच्याइतकं कुणाला माहीत?"

त्यात टोमणा नव्हता. पण लागायचं ते लागलंच.

त्या देशाच्या राज्यघटनेत एक छोटंसं कलम होतं. ठरावीक रकमेच्या आतल्या दाव्यांत लघुवाद न्यायालयाचा निकाल अखेरचा. त्यावरचं अपील वरच्या कुठल्याही न्यायालयाला ऐकता येणार नाही. घटना लिहिणाऱ्यांनी ते भल्या हेतूनं घातलं होतं. गरिबानं खाली जिंकावं आणि श्रीमंतानं त्याला वकिलांच्या जोरावर वीस वर्षं वर वर ओढत न्यावं, असं होऊ नये म्हणून. न्यायाधीशांनी ऐन तारुण्यात या कलमावर एक लेख लिहिला होता आणि तो पुढे बराच वाखाणला गेला. लहान माणसाला शेवटच्या न्यायापेक्षा लवकरचा न्याय हवा असतो, असं त्यात होतं. त्या लेखामुळे आणि निकालांच्या झपाट्यामुळे वकील मंडळी त्यांना पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं.

गेल्या वर्षी मात्र विधिमंडळानं साधा कायदा करून लहान दाव्यांनाही अपिलाची वाट उघडली. घटनेनं घातलेली भिंत साध्या कायद्यानं पाडता येते का, यावर वकिलांत वाद होता. तो मिटायच्या आतच अकरा अपिलं वर जाऊन पडली होती. त्यांतलं एक या बाईंचं.

न्यायाधीशांनी पावतीच्या मागे सही केली. पुढच्या सतरा पानांवरही केली. टपाल साडेचारला गेलं.

*

घरी त्यांनी कुलूप उघडलं, दिवा लावला आणि सवयीनं चपला दाराकडे तोंड करून ठेवल्या. चार वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून घरात आवाज असा उरला नव्हता. मुलगा परदेशात होता. त्याचा रविवारी फोन येई. "बाबा, सगळं ठीक?" "ठीक." "औषधं?" "चालू आहेत." एवढं झालं की दोघंही सुटल्यासारखे होत.

बायको शाळेत गणित शिकवायची. जेवताना ते तिला दिवसभराचे दावे सांगत, नावं गाळून. ती ताटातून मान वर न काढता म्हणे, "पुन्हा बघा." कधी नुसतंच म्हणे, सवयीनं. ते चिडत. "तू काय माझी वरिष्ठ आहेस?" "वरचं कोणी नाही ना तुम्हाला," ती म्हणे, "म्हणून म्हटलं."

त्या आठवड्यात त्यांनी वरच्या न्यायालयाला एक पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात चूक कबूल केली होती. दुसऱ्यात फक्त लक्ष वेधलं होतं. तिसऱ्यात नुसती विनंती होती की पावती उजेडात धरून पाहावी. मग तिन्ही फाडले. न्यायाधीशानं जे बोलायचं ते निकालात. निकालानंतर त्याला तोंड नसतं. हा नियम ते स्वतः नव्या न्यायाधीशांना शिकवत आले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मग ते वाट बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटत होतं की आपला निकाल कुणीतरी रद्द करावा.

*

सुनावणीच्या दिवशी त्यांनी रजा टाकली. चार वर्षांतली पहिलीच. शिरस्तेदारांनी कारण विचारलं नाही.

वरच्या न्यायालयाचं दालन उंच छताचं आणि थंड होतं. ते मागच्या बाकावर, खांबाआड बसले. अकरा अपिलांपैकी दहांना वकील होते. ते आळीपाळीनं उठले, विधिमंडळाचा अधिकार, घटनेचा हेतू, जुने निवाडे, सगळं बोलले. व्यासपीठावर तिघं होते. मधल्या न्यायमूर्तीबाई शांतपणे टिपणं घेत होत्या. दोन तास गेले.

मग शिवणकाम करणाऱ्या बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, किरकोळ अंगाच्या, हातात कापडी पिशवी. त्यांच्या बाजूनं कोणी नव्हतं.

"मला कायद्यातलं कळत नाही," त्या म्हणाल्या. "यांनी सांगितलं ते बरोबरच असेल. माझं एकच म्हणणं आहे. पावती तुमच्यासमोर त्या गठ्ठ्यात आहे. ती एकदा बघा. मी नंतर नीट पाहिली. तो एक नाहीये."

न्यायमूर्तीबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बाई, तुमचं म्हणणं खरं असेल. पण पावती बघायची म्हणजे अपील ऐकायचं. आणि अपील ऐकायचा अधिकार आम्हाला आहे का, हेच आधी ठरायचंय."

"बघायला किती वेळ लागतो?"

"वेळेचा प्रश्न नाही."

"नुसतं बघायचं. निकाल नका देऊ."

दालनात कुणीतरी हसलं. न्यायमूर्तीबाई हसल्या नाहीत.

"आम्ही बघितलं आणि तुमचं बरोबर निघालं, तर आम्ही काय करणार, सांगा? हात बांधलेले असताना बघून तुमचं दुःख वाढवायचं?"

बाई पिशवी सावरून बसल्या. मागे खांबाआड न्यायाधीशांनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घट्ट दाबून धरले होते. ते उठून एक वाक्य बोलले असते तर सगळं दालन वळलं असतं. आणि त्या वाक्यानं कायद्यात काडीचाही फरक पडला नसता. ते उठले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल वाचून दाखवला गेला. घटनेनं न्यायालयाला जो अधिकार नाकारला आहे, तो विधिमंडळ साध्या कायद्यानं देऊ शकत नाही. कायदा रद्द. अकराही अपिलं अधिकारक्षेत्राअभावी फेटाळली. निकाल निर्दोष होता. न्यायाधीशांनी स्वतः लिहिला असता तर असाच लिहिला असता. त्यांच्या जुन्या लेखातलं एक वाक्यही त्यात आलं होतं, नावासकट, आदरानं.

*

बाई बसथांब्यावर एकट्याच होत्या. न्यायाधीश चार पावलांवर थांबले. पुढे काय बोलायचं याची जुळवाजुळव करत असतानाच बाईंनी मान वळवली.

"तुम्ही आत बसला होतात. खांबामागे."

"हो."

"मी ओळखलं लगेच. म्हटलं, बघायला आलेत, आपला निकाल टिकतोय का."

"नऊ आहे तो," न्यायाधीश म्हणाले. "शनिवार, नऊ तारीख. तुम्ही वेळेत गेला होतात. माझी चूक झाली."

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"कधी कळलं?"

"कागद वर पाठवताना. दोन महिने झाले."

"मग दोन महिने काय केलंत?"

"वाट बघितली. वाटलं, वरचे दुरुस्त करतील."

"मलाही तेच वाटलं."

एक बस आली. बाईंची नव्हती, गेली.

"मशीनची किंमत मी देतो," न्यायाधीश घाईनं म्हणाले. "तशी पद्धत नाही, पण..."

"मशीन घेतलंय मी दुसरं. जुनंच, पण चालतं." बाई रस्त्याकडे बघत बोलत होत्या. "तुमच्या निकालात चौथ्या परिच्छेदात एक वाक्य आहे. 'वादीच्या वर्तनात निष्काळजीपणा दिसतो व तिच्या कथनावर विसंबता येत नाही.' पाठ झालंय मला. मशीन आईचं होतं. आई गेली तेव्हा आक्कानं आणि मी सगळं वाटून घेतलं, तेवढं मशीन काही वाटता आलं नाही. म्हणून एकत्र राहिलो म्हणा ना. दोघींचं लग्न नाही झालं. ते विकलं गेल्यावर आक्का रोज बोलायची, तुझ्या ढिलाईनं गेलं, तुझ्या ढिलाईनं गेलं. मी म्हटलं, थांब, कोर्टच सांगेल तुला. ती म्हणाली, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. मी चढले. मग निकाल आला, आणि तो तिनं वाचला."

"आणि?"

"आणि काय? बोलायची बंद झाली. दहा महिने झाले. तोवर भांडत तरी होती."

कोर्टात शब्द अडले की न्यायाधीश समोरचा कागद सारखा करत. इथं समोर कागद नव्हता.

"चला माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. "तिला सांगा. आत्ता मला जे सांगितलंत ते."

"मी पक्षकाराच्या घरी येणं नियमात बसत नाही. कुणी तक्रार केली तर..."

"माझं मशीन विकलेलं बसलं ना नियमात?"

बाईंची बस आली. त्या चढल्या. दारातल्या दांडीला धरून क्षणभर थांबल्या, पण मागे वळून पाहिलं नाही. न्यायाधीश त्यांच्यामागून चढले.

*

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, मध्ये पडदा. अलीकडच्या खोलीत शिवणाचं नवं-जुनं मशीन, कापडाचे तुकडे, खडू. खिडकीपाशी एका खुर्चीत आक्का बसली होती. सत्तरीला टेकलेली, ताठ. मांडीवर पुरुषाचा कोट होता आणि ती त्याला हातानं गुंड्या लावत होती. मशीन हाताशी असून तिनं त्याला स्पर्श केला नसावा, हे बघताक्षणी कळत होतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन वेगळी पातेली होती, दोन वेगळी झाकणं.

"हे ते न्यायाधीश," धाकटी म्हणाली. कुणाला उद्देशून नाही; भिंतीला सांगावं तसं.

आक्कानं मान वर केली नाही. सुई कापडातून आरपार गेली, दोरा ताणला गेला.

न्यायाधीशांनी आजवर हजारोंना उभं राहून बोलायला लावलं होतं. आता आपण नेमकं कुठे उभं राहावं हे त्यांना कळेना. ते पडद्याजवळ थांबले.

"तुमच्या बहिणीच्या दाव्याचा निकाल मी दिला होता," ते म्हणाले. "तो चुकला. मी पावतीवरची तारीख चुकीची वाचली. मशीन नऊ तारखेला टाकलं होतं. त्या पाचला गेल्या, म्हणजे तीन दिवस शिल्लक होते. त्यांनी ढिलाई केली नाही. दुकानदार खोटं बोलला आणि मी ते तपासलं नाही."

आक्कानं दोऱ्याला गाठ मारली.

"म्हणजे कोर्टानं निकाल फिरवला?"

"नाही. तो फिरवता येत नाही. आज वरच्या न्यायालयानंही तेच सांगितलं."

"मग तो आहे तसाच आहे."

"आहे तसाच आहे."

"मग तुम्ही कोण सांगणारे?"

प्रश्न रास्त होता. न्यायाधीशांनी त्याचा विचार केला. त्यांच्या अंगावर साधा कोट होता, आणि बसमध्ये कुणाचा तरी पाय पडून उजव्या बुटाचं टोक मळलं होतं.

"ज्यानं चूक केली तो," ते म्हणाले. "एवढाच."

आक्कानं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत, मापं घेतल्यासारखं. मग कोट मांडीवरून बाजूला ठेवला.

"यांना बसायला सांगितलंस का?" ती म्हणाली.

पडद्याशी उभी असलेली धाकटी दचकली. आपल्यालाच विचारलंय हे तिला कळायला वेळ लागला.

"काय?"

"माणूस तीन जिने चढून आलाय. बस म्हणायची रीत आहे की नाही? पाणी तरी दिलंस?"

"आत्ताच तर आलोय आम्ही. पाय टेकतोय तोवर तू..."

"पाय टेकायला तुला नेहमीच वेळ लागतो."

"नऊ तारीख होती आक्का! ऐकलंस ना? नऊ!"

"ऐकलं. बहिरी नाही मी. आठ दिवस आधी का नाही गेलीस मग? आठ दिवस मशीन तिथं पडू कशाला द्यायचं?"

"कारण तू म्हणालीस शिवणाचे पैसे आल्यावर जा!"

"मी म्हणाले? मी?"

न्यायाधीश काही वेळ दोघींकडे आलटून पालटून बघत राहिले. मग "येतो मी," असं म्हणाले. ते कुणी ऐकलं नाही. दार त्यांनीच हलकेच ओढून घेतलं.

जिन्यात उजेड कमी होता. ते एक मजला उतरले आणि वळणावर, कठड्याला हात टेकून थांबले. वरून दोन्ही आवाज एकमेकांवर चढत येत होते. आता आईचं मशीन आलं होतं, मग कुणाच्या तरी लग्नातला न शिवला गेलेला पोशाख, मग अशा काही गोष्टी ज्यांचा संदर्भ त्या दोघींशिवाय जगात कुणाला लागला नसता. मध्येच भांडं आपटल्याचा आवाज आला. नंतर पाण्याचा.

समोरचं दार किलकिलं झालं. एका शेजारणीनं डोकं बाहेर काढलं, वर बघितलं, मग यांच्याकडे.

"बोलायला लागल्या वाटतं," ती म्हणाली.

"हो."

"दहा महिने घर कसं स्मशानासारखं होतं. आता बघा, आमच्या कानांची वाट." पण ती हसत होती. "तुम्ही कोण? नातेवाईक?"

"नाही."

तिनं अजून काही विचारावं म्हणून ते थांबले. पण आतून तिला कुणीतरी हाक मारली आणि दार लागलं.

घरी जायची घाई नव्हती. वरचे आवाज थांबले की निघायचं, असं न्यायाधीशांनी ठरवलं आणि ते कठड्याला टेकून ऐकत राहिले. आवाज लवकर थांबले नाहीत.